रिकामी गाडी हलवायची नाही

फोन आला तेव्हा मी नुकती न्हाऊन बाहेर आले होते, केसांतून पाणी गळत होतं. दवाखान्यातली सिस्टर म्हणाली, "माताजी, आप आ जाइए," आणि थोडं थांबून, "दीदी शांत हो गईं." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि केस पुसले. जायचं होतं एवढं कळत होतं, पण जायचं कसं ते कळत नव्हतं. शेजारचे साहू भैया सकाळीच मला आंघोळीपुरतं घरी सोडून आपल्या कामाला शहरात गेले होते. त्यांना फोन केला, ते लगेच निघालेही. पण नवा रायपुरातल्या आमच्या सेक्टरपासून रायपूर लांब, आणि बस कधी येईल ते बसलाच ठाऊक. फाटकापाशी गाडी उभी होती. शालूताईंची पिकअप. एकेकाळी पांढरी, आता ताकाच्या रंगाची. टाकी भरलेली, कारण दवाखान्यात भरती होण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी ती स्वतः पंपावर नेऊन भरून आणली होती. मला गाडी चालवता येते, माझ्याकडे परवाना आहे. पण चावी दवाखान्यात होती, शालूताईंच्या उशीखाली, त्यांच्या बटव्यात. दुसरी चावी कधीचीच हरवलेली. मी पायरीवर बसले आणि त्या भरल्या टाकीच्या गाडीकडे बघत, कुणीतरी मला न्यायला येईल याची वाट पाहत राहिले...

ईशा, रोहन, तुमची आत्याआजी गेली त्याला आता काही आठवडे झाले. तुम्ही लहानपणी सुट्टीत यायचात तेव्हा तिच्या गाडीच्या मागच्या हौद्यात बसायचा हट्ट करायचात, तेवढीच ती तुम्हाला आठवत असेल. रोहन, तू एकदा मागून ओरडला होतास, "आजी, सायकलवाला भी आगे निकल गया!" आणि तिनं खिडकीची काच न उघडताच आतून उत्तर दिलं होतं, जे तुला ऐकू गेलं नाही. ती म्हणाली होती, "जाऊ दे त्याले. त्याले भूक लागते, माह्या गाडीले नाही लागत." तुमच्यासाठी मी हे लिहिते आहे. तुम्ही वाचताना अडखळाल, पण तुमच्या बाबानं बसून वाचून दाखवावं.

शालूताई माझी नणंद, तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. लग्न होऊन वर्ध्याकडे गेल्या आणि वर्षाच्या आत रायपुरातल्या पुरानी बस्तीत, माहेरी परत आल्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि त्या घरात कुणी विचारलंही नाही. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायची, त्या पंडरीच्या कापडबाजारातून गठ्ठे उचलून आसपासच्या आठवडी बाजारांत बसणाऱ्या दुकानदारांना पोचवायच्या. सुरुवातीला गाडीवर ड्रायव्हर होता. एकदा गरियाबंदकडच्या जंगलातल्या रस्त्यावर त्याच्या हलगर्जीपणानं डिझेल संपलं. तो डबा घेऊन डिझेल आणायला चालत गेला, आणि शालूताई कापडाच्या गठ्ठ्यांजवळ एकट्या थांबल्या. त्या संध्याकाळी तिथे काय झालं हेही त्यांनी कधी सांगितलं नाही. काही झालं नसेलही. पण परत आल्यावर त्यांनी ड्रायव्हरला निरोप दिला आणि स्वतः गाडी शिकल्या. आमच्या आळीत तोवर बाईनं स्कूटरसुद्धा चालवली नव्हती. तेव्हापासून एका टाकीत गाडी जास्तीत जास्त किती लांब नेता येते, हा त्यांच्या आयुष्याचा विषय झाला. लोकांना वाटे बाई चिक्कू आहे. चिक्कू त्या मुळीच नव्हत्या, ब्लाउजपीस तर येणाऱ्याजाणाऱ्याला असेच देऊन टाकायच्या. त्यांना एवढंच हवं होतं की परत येताना रस्त्यात कुणाला हात दाखवावा लागू नये.

मग राज्य नवं झालं, राजधानी नवी बांधायला घेतली, आणि तुमच्या आजोबांनी निवृत्तीच्या पैशातून नवा रायपुरात छोटं घर घेतलं. मोकळी हवा, सरळ रस्ते, म्हातारपणी शांतता. राहायला आल्यावर दोन पावसाळेही न काढता ते गेले. उरलो आम्ही दोघी, रिकाम्या घरांच्या ओळीत. पुरानी बस्तीत चपला घातल्या की माणूस कुठेही पोचायचा, देवळात, वाण्याकडे, वाचनालयात, मैत्रिणीच्या ओट्यावर. इथे चपला घालून फार तर पुढच्या गोल चौकापर्यंत जाता येई, आणि तिथून तितकाच रुंद दुसरा रस्ता दिसे. म्हणजे बाहेर पडायचं तर शालूताईंची गाडी. आणि शालूताईंच्या गाडीला नियम होते.

पहिला नियम, रिकामी गाडी हलवायची नाही. एका कामासाठी बाहेर पडायचं नाही. कामं साठवायची, ती पुरेशी झाली की एका फेरीत उरकायची, जाताना माल आणि येतानाही माल. फेरी अशी आखायची की शक्यतो डावीकडेच वळावं लागेल, कारण उजवीकडे वळायला समोरची वाहनं जाईपर्यंत थांबावं लागतं आणि उभ्या गाडीचं इंजिन फुकट डिझेल पितं. खिडक्या बंद, कारण आत शिरलेला वारा गाडीला मागे ओढतो. वैशाखातसुद्धा बंद. सिग्नल लांबून लाल दिसला की तिथूनच पाय उचलायचा. त्या म्हणायच्या, "ज्याले पुढचं दिसत नाही, थोच ब्रेक मारते." त्यांच्या शेजारी बसून मी जितका घाम गाळला तितका स्वयंपाकघरात गाळला नाही. एका सोमवारी मी म्हटलं, शालूताई, मला फक्त वाचनालयात जायचं आहे.

"हव," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी पंडरीले जाऊन राहिलो ना आपण, तवा."

"आज सोमवार आहे."

"मंग काय झालं? पुस्तक नासते का?"

आता हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. मी उभा जन्म वेळेवर घराबाहेर पडलेली बाई. घंटा झाली की वर्गात, तास संपला की बाहेर. आणि आता माझं बाहेर पडणं भाज्या, गठ्ठे, विजेचं बिल आणि चाकातली हवा यांच्यामागे रांगेत उभं होतं. मला काही मोठं नको होतं. एकदा, फक्त एकदा, मला वाटेल तेव्हा, मला वाटेल तिथे, एकटीनं जायचं होतं. हे मी त्यांना मोठ्यानं म्हटलं नाही. नणंदेला असं म्हणत नाहीत.

त्याच सुमारास शहरातल्या एका मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचा फोन आला. ती कधीकाळी माझी विद्यार्थिनी. वरच्या वर्गांना रोज एक तास इंग्रजी शिकवाल का, बारापर्यंत भेटायला या, म्हणाली. मी आदल्या दिवशीच साडीला इस्त्री करून ठेवली. शालूताईंनी त्या फेरीला वांग्यांची दोन पोती जोडली, ती मी गिळली. आणि निम्म्या वाटेवर, त्या सहा पदरी रस्त्यावर, जिथे झाडं अजून माणसाच्या कमरेएवढीच होती, मागचं चाक बसलं.

दोघी उतरलो. चाक पाहिलं. मी म्हटलं, स्टेपनी काढू या.

शालूताई रस्त्याकडे बघत राहिल्या. "घरी हाय. कोठीत."

"का?"

"वजन."

त्या बऱ्याच वेळानं माझी समजूत घालावी तशा म्हणाल्या, "टाकी फुल हाय पण."

पंक्चरवाल्याला फोन झाला, तो खालच्या गावातून मोटरसायकलवर निघाला होता. बाहेर सावली नव्हती म्हणून आम्ही आतच बसलो. त्या दिवशी पहिल्यांदा दोन्ही काचा खाली होत्या आणि वारा नव्हता. एक बस गेली, दुभाजकाच्या पलीकडून, उलट्या दिशेला, आत एकही माणूस नाही. बारा वाजले. मी मुख्याध्यापिकेला फोन करून सांगितलं, ती म्हणाली काही हरकत नाही मॅडम, पण जुलैपासून रोज जमेल ना तुम्हाला? मी जमेल म्हटलं आणि फोन बंद करून शालूताईंना म्हणाले, मला गाडी शिकवा.

"तुमचा पाय जड हाय, वहिनी. डिझेल पिऊन टाकाल."

"पिऊ दे."

त्यांनी स्टिअरिंगवरची धूळ पदरानं पुसली. मग म्हणाल्या, "शिकल्या की जाल तुमी."

"मी कुठे जाणार?"

"मले काय मालूम? तुमाले जायले जागा हाय. पोरगा हाय तिकडं, नातवंडं हायत. टाकीत तेल अन् हाती चाबी असल्यावर मानूस वापस काहून येईल?"

"तुम्ही येता ना?"

"मी कुठं जाऊ?" त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. पत्ता विचारावा तसं विचारलं होतं... वांग्यांचा वास येत होता. तेवढ्यात पंक्चरवाला आला, त्यानं चाक पाहिलं, हौदा पाहिला आणि म्हणाला, दीदी, स्टेपनी कहाँ हे? शालूताई तोऱ्यात म्हणाल्या, "घर में है. एकदम नई है, एक बार भी यूज नहीं हुई."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. नव्या राजधानीचा तेवढा एक फायदा, शिकाऊ माणसानं कुणाला धडकावं म्हटलं तरी धडकायला कुणी नव्हतं. चपला काढायला लावल्या, म्हणाल्या, "पायाखाली पापड हाय समजा. मोडला तर जेवताना नुसती खिचडी खा." मी क्लच सोडला की त्या डोळे मिटून इंजिनचा आवाज ऐकायच्या आणि मान हलवायच्या, जशी मी मुलींच्या निबंधांवर हलवत असे. ब्रेक कुठे मारायचा हे त्यांनी मला जवळजवळ शिकवलंच नाही, पाय कुठे उचलायचा तेच शिकवलं. लांबच्या वळणाआधी, चढ संपायच्या जरासा आधी, गाय रस्ता ओलांडायचा विचार करते आहे असं वाटलं की लगेच. पुढे परवाना मिळाला. फोटोत मी फार घाबरलेली दिसते.

जुलैच्या पहिल्या दिवशी मी वेळेआधी तयार होऊन बाहेर आले, तर शालूताई माझ्या शेजारच्या सीटवर आधीच बसलेल्या, मांडीवर कापडाचं गाठोडं. "रिकामी सीट काहून न्याची?" म्हणाल्या. मला वाटलं, पहिले काही दिवस येतील. त्या रोज आल्या. मी वर्गात शिकवत असताना त्या शाळेच्या आवारात कडुनिंबाखाली गाडीत बसून राहायच्या, मधल्या सुट्टीत शिक्षिका त्यांच्याकडून ब्लाउजपीस घ्यायच्या, आणि मुली त्यांना मॅडमची ड्रायव्हर समजायच्या. याचा त्यांना राग नव्हता, मजा वाटायची. एकीला त्यांनी सांगितलं, "ड्राइवर तो मैडम है. मैं तो माल हूँ." परत येताना रस्ताभर माझ्या उजव्या पायाकडे लक्ष. मी जरा रेस दिली की त्या फक्त जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढायच्या, दूध उतू जाताना काढतात तसा. वर्गात मी तास घेत असले तरी गाडीत अजून माझाच तास चालू होता.

एकदा मात्र मी प्रयत्न केला. रविवार होता, शालूताई न्हाणीघरात होत्या. मी खुंटीवरची चावी घेतली, बाहेर आले, सेल्फ मारला. अजून गिअर टाकते तोच शेजारचं दार उघडलं आणि ओल्या केसांनी, पदर कसाबसा खांद्यावर टाकून त्या आत बसल्या.

"कुठं?"

"कुठं नाही."

"मंग बंद करा. उभी गाडी तेल पिते."

मी बंद केली. आम्ही दोघी फाटकातच बसून राहिलो, समोर तो लांबलचक रिकामा रस्ता. त्यांच्या केसांचं पाणी सीटवर ठिबकत होतं. मग त्या म्हणाल्या, चला, चहा करू, आणि आम्ही आत गेलो. त्यानंतर चावी खुंटीवर कधी दिसली नाही, ती बटव्यात गेली. त्या मला अडकवून ठेवत होत्या हे मला दिसत होतं, आणि आपण एकट्या पडू म्हणून त्या स्वतःच किती अडकल्या आहेत हेही दिसत होतं. पण दिसलं म्हणून दार उघडत नाही. तुम्ही फोनवर मला सांगायचात, आजी, थोडं बाहेर पडत जा, आणि मी हो म्हणायची.

त्यांचं दुखणं सुरू झालं तसं माझं शिकवणं थांबलं. भरती व्हायच्या दिवशी साहू भैयांच्या गाडीतून निघालो, तेव्हा त्यांनी बटवा कमरेला खोचला. मी म्हटलं, चावी तरी घरी ठेवा. त्या म्हणाल्या, "राहू द्या माह्याजवळ. घरी ठेवली की तुमी एकट्या निघाल." दवाखान्यात रोज एकच चौकशी, गाडी सुरू केली का कोणी, उभी राहिली की बॅटरी बसते. शेवटच्या संध्याकाळी पुन्हा तेच विचारलं. मी म्हटलं, कशी सुरू करणार, चावी तुमच्या उशीखाली आहे.

"हव की," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग हात मागे नेऊन बटवा काढला, चावी बाहेर काढली आणि तळहातावर धरून बघत राहिल्या. मी हात पुढे केला नाही. मला वाटलं त्यांना मागितल्यासारखं होईल. त्यांनी चावी पुन्हा आत घातली. "उद्या देते," म्हणाल्या.

चावी मला साहू भैयांनी दिली, चष्म्याच्या आणि दोन बांगड्यांच्या बरोबर, प्लास्टिकच्या पिशवीत.

तेरावा झाला. भेटायला येणारे हळूच म्हणत, अब आप भी फ्री हो गईं, बहुत किया आपने. तुमचा बाबा म्हणाला, आई, गाडी विकून टाक आणि इकडे ये. मी विचार करते म्हटलं. खरं म्हणजे मला आधी एकटीनं गाडी काढून बघायची होती. काढली. काचा खाली केल्या. जोरात न्यायची ठरवलं होतं, नेलीही, गोल चौकापर्यंत. पण पुढचा लाल दिवा लांबून दिसला आणि पाय आपोआप उचलला गेला. गाडी आवाज न करता सरकत गेली आणि शेजारच्या सीटवरून कुणी काही म्हटलं नाही. घरी येऊन काटा पाहिला, तो हलला नव्हता. मला बरं वाटलं. मग दुसऱ्या दिवशी मी निघाले नाही. बँकेत जायचं होतं, म्हटलं औषधंही आणायचीत, एकत्र जाऊ. औषधांच्या दिवशी वाटलं, वाचनालयही जोडू. असं करत काही आठवडे मी जवळजवळ घरातच होते. मग एका रविवारी तुम्ही फोन केलात. रोहन, तू विचारलंस, "आजी, अब तो गाड़ी आपकी है, कहाँ-कहाँ गईं?" मी म्हटलं, कुठेच नाही. "क्यों? टंकी फुल है ना?"

मला तुला तेव्हा उत्तर देता आलं नाही. उत्तर असं होतं की टाकी फुल आहे म्हणूनच. ते डिझेल तिनं भरलं होतं. ते संपलं की तिनं स्वतः भरलेलं आता काही उरणार नाही. म्हणून मी काटा जपत होते, फेऱ्या जोडत होते, पाय उचलत होते. मला डांबून ठेवायला आता कुणी नव्हतं, तर ते काम मी अंगावर घेतलं होतं, आणि तिच्यापेक्षा काटेकोरपणे करत होते.

त्या संध्याकाळी दूध विरजायला घेतलं. कालच्या भांड्यात तळाशी दही उरलं होतं, त्यातलं चमचाभर काढून कोमट दुधात घातलं. लग्न होऊन आले तेव्हापासून हेच करते आहे. सासूबाईंच्या हातचं विरजण होतं ते. त्यातलं आज या भांड्यात किती असेल? पण मी ते कधी संपू दिलेलं नाही, आणि जपून म्हणून कोपऱ्यात ठेवलेलंही नाही. ठेवलं असतं तर नासलं असतं.

सकाळी पंपावर गेले. टाकीचं झाकण उघडण्याआधी तिथला माणूस खिडकीतून काट्याकडे बघून म्हणाला, "माताजी, अभी तो आधी से ज्यादा भरी है."

"हव," मी म्हटलं. "उसी में भर दो. फुल."

पंपातून बाहेर पडताना डावीकडे घराचा रस्ता. शहर उजवीकडे. शहरात माझं काही काम नव्हतं, पिशवी घेतली नव्हती, शेजारची सीट रिकामी होती. समोरून खडीचे ट्रक येत होते, एकामागोमाग एक, संपता संपेनात. मी उजवीकडचा दिवा लावला आणि थांबले. इंजिन चालू होतं. मी ते बंद केलं नाही.